भाकर ताटातून कशी गेली?

लोकांचे खाणे बदलले की शेती सुधारेल, या विषयावर हल्ली पीएच.डी. होतात. 'काल दिवसभरात काय खाल्ले?' हा तिथला ठरलेला प्रश्न. चांदूर बाजारात मात्र मी आधी विचारीन, 'यंदा काय पेरले?'

आमच्या लहानपणी रोज ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी; पोळी सणाला. मग रेशनचा गहू आला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो २ रुपये किलो झाला, २०२३पासून तर फुकट. वावरात सोयाबीन शिरले. शंभरेक दिवसांत रान मोकळे, मागून हरभरा. ज्वारीला काढणीचे मजूर हवेत, वर रानडुकरे. पाखरांचे गणित तर निराळेच! सारे शिवार ज्वारीचे होते तेव्हा त्यांचा वाटा सगळ्यांत विभागला जाई. आता एकट्याने पेरली की सारा थवा त्याच्याच वावरात. ज्वारीमागे कडबा गेला, कडब्यामागे गुरे, गुरांमागे शेणखत.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष होते. शहरांत ज्वारीची बिस्किटे आली, छान झाले. पण शेजारच्या दहा जणांनी मिळून ज्वारी पेरली तरच पाखरे वाटली जातील. हे दहा जण कोणत्या प्रश्नावलीत बसवायचे, ते संशोधकांनी सांगावे.