जवसाचा रस आणि केसांची निगा

रूक्ष झालेले, टोकाशी फाटे फुटलेले आणि विंचरताना तुटणारे केस ही तक्रार नागपूर जिल्ह्यातील खेड्यांतून नेहमी ऐकू येते. शहरात तिच्यावर इलाज म्हणून महाग बाटल्या विकल्या जातात, खेड्यात एक-दोन रुपयांच्या पुड्या. पुडीची किंमत किरकोळ वाटते. परंतु समजा घरात चार बायकामुली आहेत आणि प्रत्येकीला आठवड्यास दोन रुपयांच्या दोन पुड्या लागतात, तर आठवड्याचे सोळा आणि वर्षाचे आठशेहून अधिक रुपये होतात. एवढा खर्च करूनही केस पूर्ववत होत नाहीत. याचे कारण पुडीच्या दर्जात नसून केसाच्या घडणीत आहे, व ते समजल्यावाचून कोणताही उपाय, घरचा असो वा बाजारचा, नीट करता येणार नाही.

केसाचे मूळ त्वचेत असते व तेवढेच जिवंत असते. त्वचेबाहेर आलेला केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा होय. त्याच्या गाभ्याभोवती अतिशय पातळ खवले असतात. घरावर कवेलू जसे एकावर एक बसविलेले असतात, तसेच हे खवले मुळाकडून टोकाकडे एकावर एक बसलेले असतात. ते चपट बसलेले असले म्हणजे केस गुळगुळीत लागतो व चमकतो. ते उचकटले की केस खरखरीत होतो, एकमेकांत अडकतो आणि तुटतो. फुटलेली कवेलू गवंडी बदलू शकतो, केसाचे खवले मात्र पुन्हा उगवत नाहीत. फाटा फुटलेले टोक सांधणारे द्रव्य जगात कोठेही मिळत नाही. ते कापून टाकणे हाच त्यावर इलाज आहे आणि त्यास कात्रीखेरीज काही लागत नाही.

केस महिन्यास साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटर लांब वेणीचे टोक निदान तीन वर्षांचे जुने असते. आठवड्यातून दोनदा न्हाणे धरल्यास त्या टोकाने तीनशेहून अधिक वेळा साबण आणि पाणी सोसलेले असते. मुळाजवळचे केस चांगले आणि टोके खराब, असे का दिसते याचा उलगडा यावरून होईल. घरी करावयाच्या निगेचा हेतूही यावरून ठरतो. झालेली हानी भरून निघणार नाही, पुढची हानी तेवढी थांबवावयाची आहे.

ही हानी नागपूरकडे तीन-चार मार्गांनी होते. पहिला मार्ग उन्हाचा. नवतपाच्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. उन्हातील अतिनील किरण केसातील प्रथिन दुबळे करतात. कापूस वेचताना किंवा निंदण करताना डोक्यावर सुती दुपट्टा किंवा पदर घट्ट बांधणे हा केसांच्या रक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे व तो उष्माघातापासूनही थोडाफार वाचवितो. गवताचा भारा अथवा घागर वाहताना चुंबळीखाली केस घासले जातात. अशा वेळी आत मऊ फडके ठेवावे.

दुसरा मार्ग पाण्याचा आणि साबणाचा. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळ्या खडकातील विहिरींचे पाणी जड असते, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार अधिक असतात. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही. त्याचा पांढुरका साका केसांवर बसतो व केस चरचरीत लागतात. शिवाय अंगाचा साबण, कपड्यांचा साबण किंवा धुण्याचा सोडा हे सर्व अल्कधर्मी असल्यामुळे खवले उचकटतात. कपड्यांच्या साबणाने केस धुण्याची रीत अजून काही घरांत आहे, ती सोडण्याजोगी आहे. शिकेकाईची पूड पाण्यात उकळून व गाळून घेतल्यास ती सौम्यपणे मळ काढते. रिठ्यातील सॅपोनिन हे द्रव्य फेस चांगला देते, पण डोळ्यांना फार झोंबते. मुलांच्या डोक्यासाठी ते जपून वापरावे. शेवटचे पाणी घेताना सुमारे दोन लिटर पाण्यात एका लिंबाचा रस मिसळून ते केसांवरून घ्यावे. आम्लामुळे साका सुटतो व खवले पुन्हा चपट बसतात. त्यानंतर साध्या पाण्याने केस आणि कपाळ धुतलेच पाहिजे, कारण त्वचेवर राहिलेल्या लिंबाच्या रसावर कडक ऊन पडले तर डाग उठतात. पावसाळ्यात पागोळीचे पाणी स्वच्छ भांड्यात धरून ठेवता येते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे. शेवटच्या पाण्यासाठी त्याच्याइतके मऊ पाणी दुसरे नाही.

ओला केस ताणला जातो आणि चटकन तुटतो, ही गोष्ट बहुधा लक्षात घेतली जात नाही. पंचाने केस झटकण्याऐवजी जुन्या सुती कापडात गुंडाळून पाणी टिपावे. कंगवा मोठ्या दातांचा असावा आणि गुंता टोकाकडून मुळाकडे थोडा थोडा सोडवीत जावे. उवांसाठी फणी वापरावी लागतेच, मात्र गुंता आधी सोडवून मग.

तेलाविषयी मतभेद पुष्कळ आहेत. मुंबईतील संशोधकांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. न्हाण्यापूर्वी अथवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातील प्रथिनाचा ऱ्हास कमी झाला, उरलेल्या दोन तेलांनी तसा परिणाम दाखविला नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे कण लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात, असे कारण दिले गेले. हे काम खोबरेल विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतील होते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. तथापि एक-दोन चमचे तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री टोकांना लावण्याची जुनी रीत त्यावरून योग्य ठरते. डोके निथळेपर्यंत तेल ओतण्यात लाभ नाही. ते काढण्यासाठी मग साबण दुप्पट लागतो.

आता जवसाकडे वळू. नागपूर व त्याच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत हे पीक फार जुने आहे. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातील जवस रंग आणि वार्निश यांसाठी परदेशी जात असे. १९०६ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन होत आले आहे. एन. एल. ९७ व पी. के. व्ही. एन. एल. २६० यांसारखे वाण त्याचेच फळ होत. घरोघरी जवसाची चटणी होते आणि विदर्भात त्याचे तेलही खाल्ले जाते. मात्र केसांना लावावयाचे ते जवसाचे तेल नव्हे. ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरणारे तेल आहे, म्हणून तर रंगवाले ते पसंत करतात. रंगाच्या दुकानातील ‘उकळलेले’ जवसतेल केसांना वा अन्नाला लावणे तर सर्वथा वर्ज्य होय.

उपयोगी पडते ते बियांच्या टरफलातील बुळबुळीत द्रव्य. अर्धी वाटी जवस निवडून धुवावे व चार वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवावे. सात ते दहा मिनिटे ढवळीत राहिल्यास पाणी दाटते. पळीवरून त्याची तार पडू लागली, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे ते दिसू लागले की लगेच उतरवावे. गरम असतानाच ते पातळ कापडातून गाळावे. थंड झाले की कापडातून काहीही खाली उतरत नाही आणि सर्व खटपट वाया जाते. कापड पिळताना हात भाजणार नाही याची काळजी घ्यावी. हा रस कोमट झाल्यावर धुतलेल्या ओलसर केसांना मधल्या भागापासून टोकांपर्यंत हलक्या हाताने चोपडावा. अर्ध्या तासाने साध्या पाण्याने धुवावे, किंवा अगदी थोडा लावला असेल तर तसाच राहू द्यावा. केसावर त्याचा पातळ लेप बसतो. त्यामुळे घर्षण कमी होते, ओलावा लवकर उडत नाही व कंगवा सहज फिरतो. याहून अधिक गुण त्यास चिकटवू नयेत. त्याने केस लांब होत नाहीत आणि टक्कलही भरून येत नाही. उन्हाळ्यात हा रस दुसऱ्याच दिवशी आंबतो, शीतकपाटात सुमारे आठवडाभर टिकतो. वास आला की फेकून द्यावा. प्रथमच वापरताना कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी.

अंडे, दही, दूध डोक्याला चोळण्याचे सल्लेही दिले जातात. अंड्यातील प्रथिनाचे कण केसात शिरण्यास फार मोठे आहेत. ते अंडे त्या मुलीने खाल्ले तर मुळाशी नवीन उगवणाऱ्या केसाला त्याचा उपयोग होईल.

केस तुटणे आणि केस मुळासकट गळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद घरोघर समजावून दिला पाहिजे. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते, तुटलेल्याला ती नसते. दिवसास पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी अधिक गळतात व पुढे बहुधा आपोआप थांबतात. रक्तातील लोह कमी असल्यासही केस गळतात. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, हे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. अशा बाईला जवसाचा रस देऊन परत पाठविणे म्हणजे तिचा वेळ दवडणे होय. तिने आशा कार्यकर्तीमार्फत उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या तेथे विनामूल्य मिळतात.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात जे घडले ते या दृष्टीने विसरता येणार नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून बोंडगाव, काळवड, हिंगणा इत्यादी गावांतील स्त्रीपुरुषांचे केस हातात येऊ लागले आणि काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडले. प्रथम संशय पाण्यावर आणि शांपूवर गेला. पुढे २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात व खाण्यातील रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार अधिक आढळल्याचे सांगितले. बऱ्याच जणांचे केस परत उगवू लागले, काहींच्या नखांवर मात्र नंतर परिणाम झाला. एका गावात अनेक घरी एकाच वेळी केस गळू लागल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे, आणि घरातील धान्य व पाणी तपासणीसाठी राखून ठेवावे.

केसांसाठी जवस कोठून घ्यावे, हा प्रश्न लहान दिसला तरी त्यात धोका आहे. पेरणीसाठी आणलेले पिशवीतील बियाणे बुरशीनाशक चोळलेले असते. ते रसासाठी, चटणीसाठी किंवा जनावरांच्या आंबोणासाठी कधीही वापरू नये, धुऊनही नाही. घरच्या खळ्यावरील बी किंवा किराणा दुकानातील खाण्याचे जवस तेवढे घ्यावे. ज्यांच्याकडे भाताची बांधी आहे, त्यांनी कापणीपूर्वी जमिनीत ओल असतानाच उभ्या भातात उतेरा पद्धतीने थोडे जवस फेकावे. त्यास निराळी मशागत लागत नाही. मळणीनंतर त्यातील चार-पाच किलो बी उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि डब्यावर ‘खाण्याचे’ अशी चिठ्ठी लावावी, म्हणजे पेरणीच्या बियाण्याशी ते मिसळले जाणार नाही.