लेसर डायोडची सहनशक्ती : निष्काळजी हाताळणीची चाचणी

पहिला अर्धवाहक लेसर १९६२ साली तयार झाला आणि सामान्य तापमानास अखंड चालणारा लेसर १९७० साली साध्य झाला. आज लेसर डायोड महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही सहज मिळतो. आकाराने लहान असल्याने तो साध्या एलईडीप्रमाणे हाताळला जातो आणि नेमके तेथेच नुकसान होते.

कोरड्या हवेत चालताना माणसाच्या अंगावर हजारो व्होल्टची स्थिर विद्युत साठू शकते. सुमारे ३००० व्होल्टपेक्षा कमी दाबाचा झटका सहसा जाणवतही नाही. डायोड मात्र त्याहून कितीतरी कमी दाबाने निकामी होऊ शकतो. म्हणजे नुकसान करणाऱ्या हाताला त्याचा पत्ताच लागत नाही.

हा स्पर्श मोजूनमापून घडवण्यासाठी 'मानवी देह प्रतिरूप' वापरतात. १०० पिकोफॅरडचे धारित्र ठरावीक दाबापर्यंत भारित करून १५०० ओहमच्या रोधातून डायोडमध्ये रिकामे केले जाते. १००० व्होल्टला क्षणिक प्रवाह सुमारे ०.६७ अँपिअर होतो. लहान डायोडचा नेहमीचा प्रवाह काही दहा मिलिअँपिअर असतो. हा स्पंद नॅनोसेकंदांत ओसरतो. परंतु तेवढ्यात सुलट दिशेने अतितीव्र प्रकाश निर्माण होऊन स्फटिकाची आरशासारखी टोके वितळू शकतात. उलट दिशेने संधीच बिघडते, कारण अनेक डायोड उलटा दाब जेमतेम २ व्होल्ट सोसतात.

चाचणीपूर्वी प्रवाह व प्रकाश यांचा आलेख काढून लेसरक्रिया सुरू होणारा उंबरठा प्रवाह नोंदवावा. नंतर कमी दाबापासून आरंभ करून दोन्ही दिशांनी स्पंद द्यावेत आणि प्रत्येक पायरीनंतर मोजमाप पुन्हा घ्यावे. प्रत्येक डायोड सारखा नसल्याने एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये.

डायोड उजळला, म्हणजे तो शाबूत आहे, असे मानणे ही सर्वांत मोठी चूक होय. बिघडलेला डायोड एलईडीसारखा मंद प्रकाश देतच राहतो. काहींचे नुकसान अर्धवट असते. ते आज चालतात आणि काही काळाने बंद पडतात. मग दोष मंडलाला किंवा विक्रेत्याला दिला जातो.

उपाय मात्र साधे आहेत. १ मेगओहम रोध असलेला मनगटी पट्टा बांधावा, पाय एकमेकांना जोडून ठेवावेत, सोल्डरिंगचे टोक भूसंपर्कित असावे आणि प्रवाह हळूहळू वाढवावा. विद्यार्थ्याने ही शिस्त पहिल्या स्पर्शापूर्वीच शिकणे आवश्यक आहे. कारण झालेले नुकसान नंतर भरून निघत नाही.