सायकलस्वार आणि ऊन

उन्हापासून जपावे, हा उपदेश आपल्या घरांतून पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. परंतु सायकलस्वाराचा निराळा विचार त्यात क्वचितच झालेला दिसतो. पायी जाणारा मनुष्य उन्हाने कासावीस झाला म्हणजे आपण होऊन झाडाखाली थांबतो. सायकलवर बसलेल्याचे तसे नाही. वेगामुळे अंगावर सतत वारा येतो, घाम तत्काळ सुकतो आणि ऊन फारसे लागत नाही असा भास होतो. हा वारा कातडीला थंड करतो खरा, पण किरणांना अडवीत नाही. त्वचा भाजणारे जे अतिनील किरण, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. म्हणूनच आपण भाजलो हे सायकलस्वाराला घरी पोहोचल्यावर, मान व मनगटे चुरचुरू लागली म्हणजे कळते.

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर, पूर्वीच्या विशाळगड जहागिरीचे ठाणे, हे कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर वसलेले आहे. या रस्त्याची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. येथून कोल्हापूर आग्नेयेस. सकाळी तिकडे निघालेल्याच्या तोंडावर ऊन येते, आणि सायंकाळी परतताना सूर्य पश्चिमेस गेलेला असल्यामुळे पुन्हा तोंडावरच. याउलट आंबा घाटाकडे सकाळी जाऊन सायंकाळी परतणाऱ्याची दोन्ही वेळा मान व पाठ भाजते. तेव्हा पहिल्याने डोळे व चेहरा जपावा, दुसऱ्याने मान झाकावी.

वेळेचाही विचार करावयास हवा. मलकापूर सुमारे १७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. ही भर दुपार घड्याळातल्या १२ वाजता मात्र होत नाही. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लाविलेली असल्याने येथे सूर्य माथ्यावर यावयास १२ वाजून ३० मिनिटे होतात. ‘बारा टळले, आता निघावयास हरकत नाही,’ हा हिशेब त्यामुळे फसवा ठरतो. त्याहून खात्रीचे माप म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर ऊन प्रखर समजावे. मे महिन्यात ही वेळ सुमारे साडेनऊ ते साडेतीन अशी पडते. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते हे चांगलेच. पण ती सुटून मुले घराकडे निघतात, ती याच वेळेत.

उपायांमध्ये पहिला मान कपड्याचा. विरळ मलमलीतून किरण पुष्कळ आत येतात. घट्ट विणीचा, लांब बाह्यांचा, सैल सुती सदरा उत्तम. हेल्मेटच्या भोकांतूनही ऊन शिरते, म्हणून आत पातळ टोपी घालावी. मानेवर उपरणे किंवा पंचा घ्यावा, मात्र त्याची टोके चाकात जाणार नाहीत अशी खोचावीत. चष्मा अतिनील किरण अडविणारा आहे याची खात्री करून घ्यावी. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण अधिकच आत जातात. उघड्या राहिलेल्या भागास, विशेषतः हाताच्या पाठीस, नाकास व कानांस, ३० किंवा अधिक अंकाचे मलम निघण्यापूर्वी २० मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे, कारण ते घामाने निघून जाते.

सुकलेला घाम दिसत नाही म्हणून तो गेलाच नाही असे समजू नये. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, मीठ घातलेले ताक किंवा कोकमाचे सरबत घेत जावे. डोके दुखणे, मळमळणे, भोवळ येणे ही चिन्हे दिसताच सायकल थांबवावी. मनुष्य असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी एक नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांतून उन्हाळ्यात मुलीची सायकल बंद होते, ती प्रकृतीच्या काळजीने नव्हे. ‘रंग उतरला तर लग्नाचे काय?’ या चिंतेने. वास्तविक त्वचा सावळी होते ती आपल्याच बचावासाठी. मेलॅनिन नावाचे द्रव्य वाढवून ती किरणांना आडवी येत असते. हा बचाव अपुरा असतो, म्हणून आपण त्यात भर घालावयाची. मोतीबिंदूला हातभार लावणारे हे किरण गोरा-सावळा किंवा मुलगा-मुलगी हा भेद पाळीत नाहीत. मुलीला उन्हाच्या भीतीने घरी बसविणे आणि मुलाला भर दुपारी उघड्या डोक्याने जाऊ देणे, ही दोन्ही सारखीच अविचाराची होत. वडीलधाऱ्या मंडळींनी दाराशी टोपी, उपरणे व पाण्याची बाटली तयार ठेवावी आणि दोघांनाही ती घेतल्याविना बाहेर पडू देऊ नये. एवढे केले म्हणजे सायकल कोणाचीच बंद ठेवावी लागणार नाही.