हाक सातासमुद्रापलीकडची (भाग ११) : नोव्हेंबरात हरवणारा तास

खडकी आणि दौंडच्या बिनतारी केंद्रांची गोष्ट आज सांगायची ठरली होती. १९२७ साली तिथून थेट इंग्लंडशी संदेशांची देवाणघेवाण सुरू झाली, ती हकिकत माझ्या फार आवडीची आहे. पण ती पुढच्या आठवड्यात. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातून एका माउलीचं पत्र आलंय. ते बाजूला ठेवणं मला जमलं नाही.

त्यांचा मुलगा हिंजवडीतल्या एका कंपनीतून ऑनसाइट न्यू जर्सीला गेला. रोज संध्याकाळी साडेपाचला त्याचा फोन येतो. घरात रेंज नाही, म्हणून माउली गावामागच्या टेपाडावर जाऊन बसतात. नोव्हेंबर लागला, की तोच फोन साडेसहाला येऊ लागतो. तोवर दिवेलागण झालेली असते, बिबट्याच्या भीतीने टेपाडावर कुणी थांबत नाही आणि म्हैस धारेसाठी खोळंबलेली असते. दोन वाक्यांत बोलणं उरकतं. मुलगा म्हणतो, मी माझ्या आठाच्या ठोक्यालाच फोन लावतो. मग मधला तास जातो कुठे, हे त्यांना जाणून घ्यायचंय.

मुलगा खरं सांगतोय आणि आईचंही बरोबर आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा मागे आणतात. २००७ पासूनचा नियम असा : मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. त्यामुळे न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा तास. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे इकडे ऑक्टोबरात साडेपाच आणि नोव्हेंबरात साडेसहा. तास हरवला तो इथे.

हा प्रकार आपल्याकडेही होऊन गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताची घड्याळं एक तास पुढे होती. त्याच्या आधीपासून आणखी एक गुंता होता. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत त्याहून ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालत राहिला. मुळशी-मावळातून डबे पोचवायला मुंबईत गेलेल्या माणसांच्या एका पिढीने रेल्वेचं घड्याळ वेगळं आणि शहराचं वेगळं, असे दिवस काढले. घरापासून लांब गेलेल्या माणसाला दोन घड्याळं सांभाळावी लागतात, हे आपल्या भागाला नवं नाही.

खरं तर आपली प्रमाणवेळही मुळशीच्या सूर्याची नाही. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. मुळशी त्याच्या सुमारे नऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३६ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. काटे माणसांनी ठरवलेले असतात. म्हैस मात्र सूर्यावर चालते आणि अंधारही सूर्यावरच पडतो.

या पत्राचं उत्तर मला इथेच सापडलं. नोव्हेंबरात न्यू जर्सीतले काटे मागे जातात, तेव्हा तिथला सूर्य काही मागे जात नाही. काल जिथे आठ वाजत होते, तिथे आज सात वाजतात. खिडकीतलं ऊन तेच असतं. मुलाने सातला फोन लावला, तर तो आदल्या दिवशीचाच क्षण असेल आणि टेपाडावर बरोबर साडेपाच वाजलेले असतील.

सगळ्यांनाच हा हिशेब करावा लागत नाही. दुबई वर्षभर आपल्या दीड तास मागे असते, जपान साडेतीन तास पुढे. युरोपात मात्र घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतात. त्यामुळे थंडीच्या तोंडावर जर्मनीतल्या मुलाचा फोन अमेरिकेतल्या भावाच्या आधीच सरकतो. सिडनीचा ऋतूच उलटा. तिथे ऑक्टोबरात घड्याळ पुढे जातं, एप्रिलमध्ये मागे येतं.

तेव्हा बाहेर असलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. घरी फोन करायची वेळ घरच्या घड्याळाने बांधा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये रोजची नोंद करताना भारतीय प्रमाणवेळ निवडलीत, की तिकडचे काटे हलले तरी आठवण योग्य क्षणीच येईल. तुमची सकाळ एखाद्या तासाने मागेपुढे होऊ शकते. इकडे धार, डेअरीची वेळ आणि टेपाडावरचा उजेड कुणाच्या हातात नसतो. आणि न्यू जर्सीतल्या त्या मुलाने नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आठचा गजर सातवर आणावा. आई साडेपाचलाच टेपाडावर आलेली असेल.