मुलाखतीतील प्रश्न : तयारी उत्तरांची की विचारांची?

मुलाखतीचे पत्र हाती पडले की बहुतेक उमेदवारांची पहिली धाव संभाव्य प्रश्नोत्तरांच्या पुस्तकाकडे असते. उत्तरे मुखोद्गत होतात. परंतु मंडळासमोर तोच प्रश्न किंचित वेगळ्या शब्दांत आला की सारे पाठांतर कोलमडते. मुलाखतीत स्मरणशक्तीपेक्षा विचारशक्ती पाहिली जाते, हे ध्यानात घेतल्यास तयारीची दिशाच बदलते.

कोलकात्यातील एक मुलाखत

या दृष्टीने सत्यजित राय यांच्या १९७० सालच्या 'प्रतिद्वंद्वी' या चित्रपटातील मुलाखत अभ्यासण्याजोगी आहे. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचा नायक सिद्धार्थ वडिलांच्या निधनामुळे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून कोलकात्यात नोकरी शोधत असतो. स्वातंत्र्याच्या वेळी इंग्लंडचे पंतप्रधान कोण होते, असे मंडळ विचारते. कोणाच्या स्वातंत्र्याच्या वेळी, हे तो आधी विचारून घेतो. पुढे गेल्या दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, असा प्रश्न येतो. जुलै १९६९ मध्ये मानवाचे पाऊल चंद्रावर पडलेले. सिद्धार्थ मात्र व्हिएतनामच्या युद्धाचे नाव घेतो. चांद्रविजय थोर खरा, पण विज्ञानाची प्रगती पाहता तो अनपेक्षित नव्हता. सामान्य माणसांचे धैर्य मात्र कोणाच्याही कल्पनेपलीकडचे होते, असे कारणही देतो. त्यावर तो साम्यवादी आहे का, अशी विचारणा होते आणि थोड्याच वेळात मुलाखत आटोपते. नोकरी मिळत नाही.

या प्रसंगात प्रश्नांचे दोन प्रकार दिसतात. माहितीचा प्रश्न संदिग्ध असेल तर तो नम्रपणे स्पष्ट करून घेण्यात काहीच गैर नाही. उत्तर ठाऊक नसल्यास 'माहीत नाही' असे सरळ सांगावे. अंदाजाने दिलेले उत्तर पुढच्या प्रश्नात उघडे पडते. मताच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसते. तेथे आधी मत, मग कारण आणि शेवटी दुसऱ्या बाजूची दखल, हा क्रम उपयोगी पडतो. सिद्धार्थने नेमके हेच केले. न्यून राहिले ते मंडळाकडे. त्याने विचार तपासण्याऐवजी शिक्का शोधला. मुलाखत मंडळावर बसणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बँकेच्या मुलाखतीची पूर्वतयारी

तिसरा प्रकार स्वतःविषयीच्या प्रश्नांचा. अभियांत्रिकीची पदवी असताना बँकेत का यावेसे वाटले? घरापासून दूर नेमणूक झाली तर? 'कोठेही जाण्याची तयारी आहे' एवढे उत्तर पुरेसे नाही. सांगली वा अकोल्याच्या उमेदवाराची नेमणूक कोलकात्यास झाल्यास तो ग्राहकांशी कोणत्या भाषेत बोलणार, घरची जबाबदारी कोण पाहणार, याचा विचार त्याने खरोखर केलेला असावा. आपल्या अर्जातील प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो, असे समजून अर्ज पुन्हा वाचावा.

संस्थेची माहितीही ताजी हवी. कोलकात्याचेच उदाहरण घ्यावे. १८०६ साली येथे स्थापन झालेली बँक ऑफ कलकत्ता हे आजच्या स्टेट बँकेचे मूळ. १९४३ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या युको बँकेचे मुख्यालय आजही येथेच आहे. मात्र येथेच मुख्यालय असलेल्या अलाहाबाद बँक व युनायटेड बँक ऑफ इंडिया या दोन बँका १ एप्रिल २०२० रोजी अनुक्रमे इंडियन बँक व पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. जुन्या पुस्तकावर विसंबणारा उमेदवार येथे हमखास चुकतो.

गुणांचे गणित

आयबीपीएसमार्फत होणाऱ्या परिवीक्षाधीन अधिकारी भरतीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचे भारांकन ८०:२० असे ठेवले जात आले आहे. मुलाखत १०० गुणांची असून तीत किमान ४० टक्के गुण आवश्यक असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा ३५ टक्के आहे. लिपिक भरतीत २०१६ पासून मुलाखत नाही. म्हणजे मुलाखतीचा वाटा एकपंचमांश. पण किमान गुण न मिळाल्यास लेखी परीक्षेतील यशही निष्फळ ठरते.

सरावासाठी घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीस प्रश्न विचारण्यास सांगावे आणि प्रत्येक उत्तरानंतर 'का?' असे आवर्जून विचारायला लावावे. दोन-तीनदा 'का' विचारल्यावरही जे उत्तर टिकते, ते खरोखर आपले असते.

एवढे करूनही निवड होईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जागा मर्यादित असतात आणि मंडळेही माणसांचीच असतात. नकार हा त्या दिवशीच्या निवडीचा निर्णय असतो, उमेदवाराच्या योग्यतेवरचा अखेरचा शेरा नव्हे. घरच्या मंडळींनी हे जाणून धीर दिला, तर पुढच्या मुलाखतीची निम्मी तयारी तेथेच पूर्ण होते.