आधी चाल मंदावते, मग स्मरण

सायंकाळच्या फेरफटक्याला निघालेले आजोबा नातवाबरोबर चालत असतात. नातू काहीतरी विचारतो. आजोबा जागीच थांबतात, सावकाश उत्तर देतात आणि मग पुन्हा पाऊल उचलतात. पाहणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. स्वीडनमधील उमेओ येथील संशोधकांना मात्र या थांबण्याची शंका आली. वृद्धनिवासात राहणाऱ्या ५८ जणांशी त्यांनी चालता चालता सहज गप्पा सुरू केल्या. त्यांपैकी १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत या १२ पैकी १० जण कधी ना कधी पडले. १९९७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा छोटेखानी शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि वृद्धत्वाच्या अभ्यासकांत त्याची आजही आठवण काढली जाते.

या निरीक्षणाचा अर्थ काय? चालणे हे पायांचे काम आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात प्रत्येक पावलामागे डोळे, कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा, स्नायू आणि या सर्वांचा मेळ घालणारा मेंदू राबत असतो. तारुण्यात मेंदूकडे शक्तीची गंगाजळी भरपूर असते. त्यामुळे चालताना बोलणे, बोलताना रस्ता ओलांडणे आणि त्याच वेळी खिशातील सुटे पैसे चाचपणे सहज जमते. ही गंगाजळी आटली की मेंदूला निवड करावी लागते. बोलायचे असेल तर पाय थांबवायचे, हा त्याने काढलेला व्यवहारी तोडगा असतो.

तरीही वर्षानुवर्षे वैद्यकशास्त्राने शरीर आणि स्मृती यांची दोन वेगळी खाती ठेवली. आजी पडल्या तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे, विसरू लागल्या तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे. आणि दोन्ही तक्रारी फार गंभीर नसतील, तर ‘आता वय झाले’ या एका वाक्यात दोन्ही खाती बंद! गेल्या पाव शतकातील संशोधनाने या वाक्यालाच आव्हान दिले आहे.

‘वय झाले’ म्हणजे नेमके काय झाले, हे मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केला. पासष्टीपुढील ५,३१७ जणांच्या माहितीच्या आधारे त्यांनी पाच खुणा निश्चित केल्या. वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलोहून अधिक वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड दुबळी होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे, या त्या खुणा. तीन किंवा अधिक खुणा आढळल्यास त्या अवस्थेला वैद्यकाच्या भाषेत ‘फ्रेल्टी’ म्हणतात. मराठीत तिला जर्जरता म्हणता येईल. एक वा दोन खुणा असतील तर ती व्यक्ती उंबरठ्यावर आहे, असे मानले जाते.

कॅनडातील हॅलिफॅक्स येथील डॉ. केनेथ रॉकवुड यांनी आणखी वेगळी वाट धरली. त्यांची पद्धत वाण्याच्या हिशेबासारखी आहे. मधुमेह, कमी ऐकू येणे, अंघोळीला मदत लागणे, झोप न लागणे अशा ४० उणिवांची यादी करायची आणि त्यांतील किती लागू पडतात ते मोजायचे. ४० पैकी १२ लागू पडल्या, तर निर्देशांक ०.३. कोणती उणीव आहे यापेक्षा किती उणिवा साचल्या आहेत, याला येथे महत्त्व आहे. सत्तरीचे दोन शेजारी एकाच वयाचे असूनही एक गड चढतो आणि दुसऱ्याला जिना चढवत नाही, यातील फरक असा आकड्यात पकडता येतो.

मेंदूत डाग, तरी डोके शाबूत

या दोन धारांचा संगम २०१९ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट दिसला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील अनेक वृद्धांनी दरवर्षी तपासणी करून घेण्यास आणि मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्यास संमती दिली होती. त्यांपैकी ४५६ जणांच्या मेंदूंचे परीक्षण आणि हयातीतील नोंदी रॉकवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहिल्या. अल्झायमर रोगात मेंदूत प्रथिनांचे विशिष्ट थर व गुंते साचतात. ज्याच्या मेंदूत ते अधिक, त्याचा स्मृतिभ्रंश अधिक, असा हिशेब सरळ लागायला हवा होता. तो लागला नाही. आठ टक्के व्यक्तींच्या मेंदूत असे बदल मोठ्या प्रमाणावर होते, पण हयातीत त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले नव्हते. उलट ११ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश होता, पण मेंदूतील बदल फारसे नव्हते.

हा फरक कशाने पडला, याच्या उत्तराचा एक मोठा भाग जर्जरतेत सापडला. शरीर धडधाकट असलेल्यांना मेंदूतील बिघाड बराच काळ पेलता आला. शरीर खचलेल्यांची स्मृती थोड्याशा बिघाडानेही ढासळली. जीर्ण घराला साधा वळीवही पुरतो, तसाच हा प्रकार.

शरीराचा खचलेपणा मेंदूपर्यंत पोहोचतो कसा? याचे एकच उत्तर नाही. उच्च रक्तदाब व मधुमेहाने मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. चाल आणि विचारांची गती या दोहोंवर त्याचा परिणाम होतो. म्हातारपणी शरीरात मंदपणे धुमसणारा दाह स्नायूंनाही पोखरतो आणि मेंदूलाही. स्नायू झिजले की हालचाल घटते, बाहेर जाणे थांबते, माणसे भेटेनाशी होतात, ऐकू कमी येत असेल तर गप्पाही संपतात. मेंदूला खाद्य मिळणेच बंद होते.

अर्थात येथे एक सावधगिरी हवी. स्मृतिभ्रंशाची प्रक्रिया निदानाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होते आणि त्या काळात भूक मंदावते, उत्साह जातो. म्हणजे जर्जरतेमुळे स्मृती गेली की जाऊ लागलेल्या स्मृतीने शरीर जर्जर केले, हे कोडे पुरते सुटलेले नाही. तरीही दोन्ही एकत्र आढळणे ही धोक्याची सूचना आहे, याबद्दल दुमत नाही. २०१३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी जर्जरता आणि सौम्य विस्मरण एकत्र असलेल्या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे डॉ. जो वर्गीस यांनी ‘मंद चाल आणि स्मरणाची तक्रार’ एवढ्या दोनच गोष्टींवरून धोका ओळखण्याची पद्धत मांडली. त्यासाठी लागते ते घड्याळ, मोजलेले अंतर आणि दोन-चार प्रश्न. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ देशांतील २६,८०२ वृद्धांच्या माहितीत दहामागे जवळजवळ एक व्यक्ती या गटात आढळली. केरळमधील कोझिकोड येथेही पुढे अशा स्वरूपाचे संशोधन झाले. एमआरआयची रांग नसलेल्या गावातही वापरता येईल, हे या पद्धतीचे खरे मोल.

नुसता व्यायाम पुरेसा नाही

मग उपाय काय? अल्झायमरवरील नव्या औषधांचा बराच गाजावाजा झाला. त्यांपैकी लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षात ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी घटला खरा, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी भरतो. शिवाय औषध केवळ प्रारंभीच्या अवस्थेसाठी आहे.

चाल सुधारली की स्मृतीही सुधारेल, ही आशाही तपासून झाली आहे. अमेरिकेतील ‘लाइफ’ या चाचणीत ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ जणांना सहभागी करून घेण्यात आले. नियमित चालणे व व्यायाम करणाऱ्यांत चालणे-फिरणे बंद पडण्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१४ मध्ये आला. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. याउलट फिनलंडमध्ये डॉ. मिया किविपेल्टो यांच्या चमूने आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष या चारही गोष्टी एकत्र दिल्या. ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० जणांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. दोन वर्षांत त्यांच्या बुद्धिचाचण्यांतील सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. अमेरिकेत २,१११ जणांवर झालेल्या अशाच चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तेथे स्वतःहून प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा आखीव कार्यक्रम व देखरेख मिळालेल्यांची प्रगती सरस ठरली. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध टाळता येण्याजोग्या वा सुधारता येण्याजोग्या १४ कारणांशी जोडला. कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, निष्क्रियता, एकाकीपणा ही त्यांतील काही.

भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वर्तविण्यात आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. त्यात आपल्या शरीराची ठेवणही अडचणीची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचे आणि आपल्याइतक्याच बांध्याच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचे उदाहरण देऊन दाखविले की, वजन-उंचीचे गणित सारखे असूनही भारतीय शरीरात चरबी कितीतरी अधिक असू शकते. म्हातारपणी स्नायूंची झीज सुरू होते, तेव्हा मुळातच भांडवल तोकडे असते. त्यावर सकाळी चहा-खारी आणि रात्री ‘थोडा दूधभात पुरे’ असा आहार!

आपल्या घरांतील माया येथे कशी आड येते, हेही पाहायला हवे. ‘आई, तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे सून प्रेमाने म्हणते. भाजी आणणे, धुणे वाळत घालणे, गॅसचा नंबर लावणे एकेक करून काढून घेतले जाते. पडण्याच्या भीतीने फिरणेही बंद. धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले, तर पायांतील सुमारे एक किलो स्नायू नाहीसे होतात, असे २००७ मधील एका छोट्या अमेरिकी प्रयोगात आढळले होते. रुग्णालयातून ‘बरे होऊन’ घरी आलेले आजोबा पहिल्यासारखे का राहिले नाहीत, याचे अर्धे उत्तर यात आहे. उरलेले अर्धे बहुधा तेथे रात्री झालेल्या भ्रमात असते. घरचे ‘काहीबाही बोलत होते’ असे सांगतात आणि विसरून जातात. वास्तविक तो भ्रम हा पुढील ऱ्हासाचा इशारा असू शकतो.

लक्ष ठेवण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. बांगड्या सैल होणे, बरणीचे झाकण न उघडणे, सिग्नल सुटेपर्यंत रस्ता ओलांडून न होणे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद वा अधिक लागत असतील, तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार स्नायूंची तपासणी करून घ्यायला हवी. सोबत विसरण्याची तक्रार असेल तर ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, नैराश्य आणि श्रवणशक्ती यांची चाचणी आधी व्हावी, कारण या गोष्टी सुधारता येतात. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट. आणि डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने न देता आजी-आजोबांनाच देऊ द्यावे, वेळ लागला तरी. किती वेळ लागतो, हेही डॉक्टरांना पाहायचे असते.