दुष्काळात गुरं कुरणातून कधी हलवायची? उपग्रह, मोबाईल आणि गळ्यातला जीपीएस पट्टा

अमेरिकेच्या पश्चिम भागात, म्हणजे नेवाडा, युटा, आयडाहो, वायोमिंग अशा राज्यांत, प्रचंड मोठी सरकारी कुरणं आहेत. त्यांतली बरीचशी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) हे केंद्र सरकारचं खातं सांभाळतं. या खात्याची चराईची जमीन आहे सुमारे १५.५ कोटी एकर. महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट! पशुपालक परवाना काढतात आणि ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या संख्येत गुरं सोडतात. गाय आणि तिचं वासरू महिनाभर खातील तेवढा चारा हे इथलं माप. २०२४ मध्ये त्याचं शुल्क होतं फक्त १.३५ डॉलर.

पाऊस झाला नाही तर मात्र एकच प्रश्न उरतो. गुरं कधी कमी करायची?

उशीर का महागात पडतो?

गवताचं पान म्हणजे त्याचा स्वयंपाकघर. गुरांनी निम्मी पानं खाल्ली तरी मुळं वाढत राहतात. ८० टक्क्यांच्या आसपास खाल्ली की मुळांची वाढ थांबते. त्यात जमीन कोरडी असेल तर पुढच्या वर्षी पाऊस येऊनही तो ठोंब फुटेलच असं नाही. रिकाम्या जागेत चीटग्रास नावाचं बाहेरून आलेलं वार्षिक गवत घुसतं. ते लवकर वाळतं आणि वणव्याला आयतं सरपण मिळतं.

दुसरी बाजूही आहे. सगळ्यांनी एकदम गुरं विकायला काढली की भाव पडतो, आणि वर्षानुवर्षं जोपासलेला कळप मोडतो. म्हणून इथे काही आठवडे आधी कळणं म्हणजे थेट पैशांचा प्रश्न.

उपग्रहाला गवत कसं दिसतं?

हिरवं, निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा आकडा मिळतो. तो उणे १ ते १ या दरम्यान असतो. आकडा जितका मोठा, तितकी हिरवाई दाट.

लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह मिळून साधारण ८ दिवसांनी त्याच जागेवर परत येतात आणि ३० मीटरचा एकेक चौकोन टिपतात. याच माहितीवर ‘रेंजलँड अॅनालिसिस प्लॅटफॉर्म’ ही मोफत वेबसाइट चालते. त्यात १९८६ पासूनची नोंद आहे. आपल्या कुरणाभोवती नकाशावर रेघ मारायची आणि यंदाची वाढ जुन्या वर्षांशी ताडून बघायची. मोबाईलच्या ब्राउझरवरही ती उघडते.

शिवाय दर गुरुवारी ‘यूएस ड्रॉट मॉनिटर’चा नकाशा येतो. त्यात डी० ते डी४ अशा पायऱ्या असतात. डी४ म्हणजे सगळ्यात भीषण दुष्काळ. पण तो मोठ्या प्रदेशाचं चित्र दाखवतो, तुमच्या एका कुरणाचं नाही.

मग माणसाचं काम संपलं का?

अजिबात नाही. उपग्रहाला हिरवं दिसतं, चविष्ट दिसत नाही. वसंतातलं चीटग्राससुद्धा वरून छान हिरवंच दिसतं! ढग आले की फोटो वाया जातो. म्हणून जमिनीवर जाऊन गवताची उंची मोजतात. ठरलेल्या जागी उभं राहून, त्याच दिशेने मोबाईलवर फोटो काढतात. दर वर्षी तसेच फोटो काढले की फरक आपोआप समोर येतो. एखाद्या तुकड्यावर जाळीचा पिंजरा ठेवला की न चरलेलं गवत किती वाढलं असतं तेही कळतं.

गळ्यातला पट्टा काय करतो?

काही कुरणांवर आता आभासी कुंपण वापरतात. मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर नकाशात रेघ आखायची. गाय रेघेजवळ आली की गळ्यातला जीपीएस पट्टा आधी आवाज करतो आणि तरीही ती पुढे गेली तर हलका विजेचा झटका देतो. गुरं काही दिवसांत आवाजावरूनच वळायला शिकतात. दुष्काळात ओढ्याकाठची हिरवी पट्टी सगळ्यात आधी खाऊन संपते. तार न ओढता ती बंद ठेवता येते. अडचणी आहेतच: पट्ट्यांचा खर्च, बॅटरी आणि डोंगरात न मिळणारं नेटवर्क.

खरी युक्ती: तारीख आधीच ठरवा

बीएलएमला दुष्काळात गुरांची संख्या कमी करता येते, चराईच्या तारखा बदलता येतात, कुरणाचा भाग बंदही करता येतो. पण हा निर्णय वाद पेटल्यावर घेतला तर उशीर झालेला असतो. म्हणून जाणकार पशुपालक हंगामाआधीच लिहून ठेवतात: अमुक तारखेपर्यंत इतका पाऊस झाला नाही, तर इतकी गुरं काढायची. आधी कोणती जातील, तेही ठरलेलं असतं. तारीख ठरलेली नसेल तर उपग्रहाचा आकडा ही नुसती बातमी ठरते.

आपल्याकडे काय?

आपल्या देशातही २०१६ च्या दुष्काळ नियमावलीत एनडीव्हीआय हा एक निकष आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे चर्चा बहुतेक वेळा चारा छावणीपासून सुरू होते, गायरानापासून नाही. तुमच्या गावचं गायरान आजच बघा: ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडा, सेंटिनल-२ निवडा, एनडीव्हीआय लावा. मग हाच महिना मागच्या दोन-तीन वर्षांत कसा होता ते तपासा. आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा, जे हिरवं दिसतंय ते गुरं खातात का!